ओली भिंत

बेटावरच्या लींगे गावातल्या चर्चची उत्तरेकडची भिंत तुम्ही मारलीत. सातशे वर्षं तिला समुद्रावरच्या वाऱ्याने मारलं नाही, बर्फाने मारलं नाही. साथीच्या रोगात अर्धं गाव संपलं, वर्षानुवर्षं तिच्याकडे बघायला माणूस उरला नाही, तरी ती उभी होती. तुम्ही पाच हिवाळ्यांत तिची कातडी काढलीत. एवढ्यावर भागलं नाही म्हणून कागद पाठवलात, की यात दोष वालफ्रिड हालार्वेच्या हाताचा. जुन्या वास्तू जपणाऱ्या तुमच्या राजधानीतल्या कचेरीत कुठल्या मजल्यावर, कुठल्या खुर्चीत बसून ते वाक्य लिहिलंत, कोण जाणे. पण ते वाक्य कुठे येऊन पडलं आणि पुढे काय झालं, ते जसंच्या तसं ऐका.

एप्रिलचा दुसरा आठवडा, १९७४. मेंढ्या विण्याचे दिवस. आस्ता हालार्वे गोठ्यात गुडघ्यांवर बसली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत एका मेंढीच्या पोटात होता. पिल्लू आडवं आलं होतं. तिचा नवरा राग्नार सिमेंटच्या कारखान्यातून सकाळची पाळी करून आला, तो लिफाफा घेऊनच गोठ्यात शिरला.

"पाद्रीसाहेबांनी दिलंय. म्हणाले, आस्तालाच वाचायला दे."

"माझे हात कुठे आहेत ते दिसत नाही का तुला? वाच."

राग्नारने चष्मा लावला. त्याच्या भुवयांवर नेहमीसारखी राखाडी भुकटी होती. तो एकेक शब्द चाचपत वाचू लागला. उत्तर भिंतीचा गिलावा सुटत असल्याची तक्रार मिळाली. पाहणी झाली. "'पूर्वीच्या काळी अप्रशिक्षित व्यक्तीने केलेल्या निकृष्ट चुनेकामामुळे भिंतीत ओल साठली असून, नवा सिमेंटचा गिलावा त्यामुळेच सुटत आहे. सबब भिंतीवर अधिक जाड थर देण्यात येईल.'"

"पुन्हा वाच. अप्रशिक्षित कोण?"

"नाव नाही दिलं."

"पन्नास वर्षं त्या चर्चला चुना लावणारा दुसरा कोण आहे या गावात?"

राग्नार तिच्या डोक्यावरून दाराकडे बघत होता. आस्ताने मान वळवली. दारात तिचे वडील उभे होते, हातात मेंढ्यांच्या पेंडीची बादली. वालफ्रिड अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चुन्याने भाजून डाव्या डोळ्याची पापणी कायमची अर्धी मिटलेली. त्यांनी बादली खुंटीला अडकवली, हात पँटला पुसले आणि घरात निघून गेले. पिल्लाचे पाय आस्ताच्या बोटांत सापडले तेव्हा तिने इतक्या जोरात ओढलं की मेंढी ओरडली.

त्या रविवारी वालफ्रिड चर्चला गेले नाहीत. पुढच्याही नाही.

हालार्वेच्या घरात एक रीत होती. मूल जन्मलं की बाप भट्टीतून कळीचा चुना आणायचा, परसात मोठा खड्डा खणून त्यात पाणी ओतून विरवायचा, वर वाळू, फळ्या आणि गवताची ढेकळं टाकून झाकून ठेवायचा. तो चुना त्या मुलाचा. मूल वाढतं, चुना मुरतो. चर्चची एखादी भिंत उघडी पडली की पाळीप्रमाणे एक खड्डा उघडायचा. वालफ्रिडच्या जन्माचा चुना बुरुजावर आहे, त्यांच्या धाकट्या भावाचा दक्षिणेच्या दारावर. आस्ता जन्मली १९२७ साली. तिचा खड्डा उत्तरेच्या भिंतीसाठी ठेवला होता. १९६९ साली त्याची पाळी आली, आणि तेव्हाच तुमचा माणूस आला.

त्याने सभा घेतली. शाळेच्या खोलीत, पडद्यावर चित्रं दाखवून. सिमेंट कसं टिकतं, चुना कसा जुनाट, सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "कोणाची हरकत आहे का?"

आता लींगेत भर सभेत पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. ते उद्धटपणाचं समजतात. नको असलं की माणसं टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्याकडे बघत बसतात, आणि विचारणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं असतं. त्या दिवशी एकतीस माणसं आपापल्या टोप्यांकडे बघत बसली. वालफ्रिड सगळ्यांत पुढे. त्यांनी तर टोपी उलटी करून आतलं अस्तर पाहिलं. यापेक्षा मोठ्याने नाही म्हणणं त्यांना येत नव्हतं. तुमच्या माणसाने वहीत लिहिलं, एकमताने मंजूर.

त्याच उन्हाळ्यात परगावचे मजूर आले आणि चुना खरवडून सिमेंट मारून गेले. दोन वर्षं भिंत नव्या थडग्यासारखी गुळगुळीत दिसली. तिसऱ्या हिवाळ्यात तिला केसासारखे तडे गेले. तड्यातून पाणी आत जाई आणि बाहेर यायला वाट नाही. वालफ्रिड घरात एकदाच बोलले होते, "रबरी बुटात दिवसभर पाय ठेव, संध्याकाळी बघ कसा होतो तो." मग ते पाणी थंडीत गोठलं. गोठलं की फुगलं. सिमेंटचे पापुद्रे ताटाएवढे सुटून पडू लागले आणि प्रत्येक पापुद्र्याच्या पाठीला चुनखडीच्या दगडाचं तोंड चिकटलेलं. आतल्या बाजूला चित्र आहे. लाकडी पिंपात लोणी काढणारी बाई, आणि तिच्यासोबत दांडा धरून मदत करणारे दोन सैतान. कोणा चिताऱ्याने ओल्या गिलाव्यावर काढलेलं, त्याचं नाव कोणाला माहीत नाही. गावातली पोरं कंटाळवाण्या प्रवचनात त्या सैतानांकडे बघत मोठी झाली. आस्ताही झाली. आता बाईच्या झग्यावर पांढरं मीठ फुललं होतं आणि बोट लावलं की रंग बोटावर येत होता.

पत्रावर चर्चा करायला एप्रिलअखेर सभा भरली. तीच खोली, त्याच टोप्या. पाद्री लिथ तरुण होते, गावात तीन वर्षंच झालेली, आणि कचेरीच्या शिक्क्याला भिणारे. त्यांनी पत्र वाचलं. "तर जाड थर द्यायचा असं कचेरीचं म्हणणं आहे. कोणाची हरकत?"

माणसं टोप्यांकडे बघू लागली.

"माझी आहे," आस्ता म्हणाली.

खोलीत खुर्च्या करकरल्या. तिच्या मागे बसलेली शेजारीण गुनबोर्ग पुटपुटली, "अगं बस खाली, लोक बघतायत."

"बघू देत. मागच्या वेळी आपण सगळे गप्प बसलो. आपल्याला वाटलं आपण नाही म्हणालो. तिकडे त्याचा हो झाला. म्हणून या वेळी तोंडाने सांगते. नाही. जाड थर नाही, पातळ थर नाही, सिमेंटच नाही. आणि मेच्या वीस तारखेनंतर, बीट पेरून झालं की मी आहे ते सगळं सिमेंट काढणार."

पाद्रींनी पेन हातात नुसतंच धरलं होतं. "आस्ता, हे वहीत लिहायचं?"

"मोठ्या अक्षरात लिहा."

"पण परवानगीशिवाय हात लावता येत नाही. संरक्षित वास्तू आहे ती."

"कोणापासून संरक्षित, पाद्रीसाहेब?"

मागून कोणीतरी हसलं. कोणी बाजू घेतली नाही, पण टोप्यांवरच्या नजरा वर आल्या. बाहेर पडताना राग्नार म्हणाला, "बायको सिमेंट काढणार आणि नवरा सिमेंट बनवणार. उद्या कारखान्यात माझी पूजाच आहे."

"तू नको येऊस मग."

"मी कुठे म्हणालो येत नाही. घमेलं कोण उचलणार?"

मेच्या शेवटच्या सोमवारी तिने पहिला घाव घातला. सहा किलोचा घण नाही, यंत्र नाही. भिंतीच्या पलीकडे चित्र आहे. छिन्नी तिरपी लावायची, हातोडी मनगटातून मारायची, सिमेंटच्या कडेत शिरून त्याला उचकटायचं. आणि चर्चच्या आत एकाने भिंतीला तळहात लावून उभं राहायचं. घाव खोल बसला की भिंत हाताला सांगते, मग आतल्याने काठी ठोकायची आणि बाहेरच्याने थांबायचं. जुना चुना काढताना हालार्वेचे लोक असंच करत आले. त्याशिवाय ते चित्र सातशे वर्षं राहिलं नसतं.

आत राग्नार उभा राहिला. पहिल्या दिवशी कमरेएवढं सिमेंट निघालं. मागून वास आला, बंद विहिरीसारखा. दगड काळे पडलेले. एका सांध्यातून पाणी अक्षरशः ओघळलं आणि आस्ताच्या बाहीत शिरलं. पाऊस पडून नऊ दिवस झाले होते. तिने ओला हात नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. मग पुन्हा छिन्नी लावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी राग्नार बाहेर आला. तोंड उतरलेलं. उघड्या पंजावर नखाएवढा रंगाचा तुकडा.

"काठी का नाही ठोकलीस?"

"मला कळलंच नाही गं. चोवीस वर्षं थरथरत्या चाळणीवर आहेत हे हात. यांना काही कळत नाही आता." त्याने दुसऱ्या हाताची बोटं उघडमीट केली. "काल तू हातात गरम कप दिलास, तोसुद्धा ओठाला लावल्यावर कळला."

आस्ताने छिन्नी खाली ठेवली. हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो हात रोज शेजारी होता. तिने त्याचा तळवा आपल्या ॲप्रनवर पुसला, तुकडा काडेपेटीत कापसावर ठेवला आणि ती घरी आली.

वालफ्रिड स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसले होते. खिडकीतून चर्चचा बुरूज दिसतो म्हणून दीड महिना ते तसेच बसत होते. समोर राय धान्याची भाकरी आणि धुरावलेला मासा, न खाल्लेला.

"बाबा, आत उभं राहायला हात हवाय."

"मी निकृष्ट माणूस आहे. कागदावर आलंय."

"कागद मी चुलीत घालते."

"घालून काय होणार. लिहिलं गेलं ते गेलं. माझ्या मागे कोणी वाचलं तर हेच वाचणार." त्यांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला नीट लावला. "मी सभेत बोललो असतो तर ही वेळ आली नसती. माझ्या जिभेने ती भिंत घालवली. त्यांचं सिमेंट नंतर आलं."

आस्ता खुर्चीत बसली. केसांत सिमेंट, डोळे लाल. ती म्हणाली, "सैतानाचा डोळा पडला आज."

"कुठल्या?"

"डावीकडच्या."

"दांड्यावरच्या हाताजवळचा तुकडा पडला, की वरचा डोक्याचा?"

"डोक्याचा. डोळाच म्हणतेय ना."

वालफ्रिड उठले. "तिथे मागे पोकळी आहे. माझ्या आजोबांनी बोट घालून दाखवली होती मला. तिथे आडवी छिन्नी चालत नाही, खालून वर घ्यावी लागते. कोणी सांगितलं तुला तिथे हात घालायला?" ते बुटात पाय घालत होते आणि नाडी सापडत नव्हती. आस्ता वाकली तर त्यांनी तिचा हात झटकला. "डोळा कुठे आहे? फेकलास नाही ना?"

त्या दिवसापासून ते आत उभे राहिले. तळहात भिंतीला, कपाळ तळहाताला. आस्ता बाहेर. दोघांमध्ये साडेतीन फूट दगड. ठक, ठक, ठक, आणि आतून काठी वाजली की थांबायचं. काठी दोनदा वाजली की जागा सोडायची. गुडघे सुजले म्हणून पाद्रींनी खुर्ची आणून दिली, तर त्यांनी तिच्यावर काडेपेटी ठेवली आणि आपण उभेच. संध्याकाळी घरी आले की तळव्याला चरबी लावायची, दोघांनीही.

गुनबोर्ग कॉफीचा थर्मास घेऊन आली, दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन आली. "लोक म्हणतात लोणी काढणारी ती बाई आमच्या घरातली. पणजीची पणजी. तिच्या अंगावर सिमेंट आणि मी काय घरी बसू?"

"तिच्यासारखीच दिसतेस," राग्नार म्हणाला. "सैतान तेवढे कमी आहेत."

"तू आहेस की."

जूनच्या मध्याला तुमचा इंजिनियर आला. पंचविशी-तिशीतला, स्वच्छ जॅकेट, कोवळी दाढी. गाडीतून उतरला आणि थेट वालफ्रिडपाशी गेला. ते दगडावर बसून पाणी पीत होते.

"तू कोण? हे काय चाललंय तुझं?"

राजधानीत आता सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात, त्याला बरोबरी म्हणतात. लींगेत बापाला कोणी अरे म्हणत नाही आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या परक्या माणसाला तर नाहीच. गुनबोर्गच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं.

वालफ्रिडनी पाणी संपवलं, तोंड पुसलं. "इंजिनियरसाहेबांना माहिती हवी असेल तर त्यांनी माझ्या मुलीला विचारावं. तिने काम घेतलंय. मी अप्रशिक्षित आहे."

आस्ता परांचीवरून उतरली. परांची म्हणजे दोन पिंपं आणि एक फळी. "बोला."

"काम आत्ताच्या आत्ता थांबव. ही सातशे वर्षं जुनी वास्तू आहे आणि तू ती फोडतेस."

"मी फोडतेय ते पाच वर्षांचं आहे. तुमचं आहे."

"वास्तूवर असलेली प्रत्येक गोष्ट वास्तूचा भाग असते. कायद्यात आहे."

आस्ताने ढिगाऱ्यातला एक पापुद्रा उचलला आणि त्याच्या हातात दिला. घ्यावाच लागला. एका बाजूला सिमेंट, दुसऱ्या बाजूला दगडाचं पांढरं तोंड, त्यावर सातशे वर्षांपूर्वीच्या टाकीच्या रेघा.

"यातला कुठला भाग कायद्याचा, ते दाखवा मला."

त्याने तो उलटसुलट केला. बोट रेघांवरून गेलं. जॅकेटला राखाडी डाग पडला. "मी कळवतो वर," तो म्हणाला. "पोलीस येतील."

"येऊ देत. घमेली दोन जास्तीची आहेत."

पोलीस आले नाहीत. पत्रं आली, तीन. आस्ताने ती न फोडता कपाटावर ठेवली, कारण बीट विरळ करायचं होतं, लोकर कापायची होती आणि भिंतीचा वरचा कोपरा राहिला होता. सकाळी शेतात कुदळ, दुपारी भिंतीवर छिन्नी. पाठ अशी धरली की भाकरी कापताना बसावं लागे. जुलैच्या शेवटी शेवटचा तुकडा निघाला. भिंत नागडी उभी राहिली, खरजेने भरलेल्या पाठीसारखी, आणि वाऱ्याला लागली. आठवड्याने वरचे दगड फिके झाले. मग मधले. वालफ्रिड रोज जाऊन हात लावत, आणि कोणी विचारलं तर म्हणत, "थांबा अजून."

ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी मान हलवली. मग त्यांनी आस्ताचा खड्डा उघडला.

गवताची ढेकळं काढली, फळ्या काढल्या, त्या हातात चुरल्या. वाळू काढली. खाली चुना. सत्तेचाळीस वर्षं मुरलेला, थंड, खव्यासारखा घट्ट. राग्नारने फावडं घातलं ते कापत गेलं आणि तिथेच उभं राहिलं. तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. "आमच्याकडे दोन दिवसांत गोणी दगड होते," तो म्हणाला.

"हात घालू नकोस," वालफ्रिड म्हणाले, आणि स्वतः घातला. थोडा चुना दोन बोटांत चोळला. "तुझी आई या कडेला उभी होती. तुला घेऊन. मी म्हटलं मागे हो, वाफ लागेल पोरीला." एवढंच बोलले आणि वाळू मोजून टाकायला सांगू लागले.

पाणी घालायचं नाही. लाकडी दांडक्याने कुटायचं, कुटून कुटून चुना स्वतःच ओला होतो. तीन दिवस चौघांनी कुटलं. मग आस्ताने थापीने भिंतीवर फेकायला घेतलं. मनगटाच्या एका झटक्यात फेकायचं, थापायचं नाही. थापलेलं वर बसतं, फेकलेलं आत शिरतं. भराभर वाळू नये म्हणून ओली गोणपाटं टांगली. त्यावर पातळ चुन्याचे हात, एक, दोन, पाच, कुंच्याने, हर हाताला एक दिवस. आता गावातली माणसं आपापल्या बादल्या घेऊन येत होती. सप्टेंबरच्या वीस तारखेला, थंडीच्या तीन आठवडे आधी, शेवटचा हात पडला. डोळा वालफ्रिडनी स्वतः बसवला, चुन्याच्या एका थेंबावर, श्वास रोखून.

ऑक्टोबरात तुमचं पाचवं पत्र आलं. ते आस्ताने फोडलं. विनापरवानगी काम केल्याबद्दल चौकशी बसेल. भिंत वसंतापर्यंत पूर्वस्थितीला आणावी, म्हणजे सिमेंट पुन्हा लावावं. आणि पहिल्या पत्रातला वालफ्रिडबद्दलचा परिच्छेद शब्दशः तसाच, फाइलमधून उतरवलेला.

आस्ताने टेबल पुसलं आणि उत्तर लिहायला बसली. राग्नार मागे उभा राहून शुद्धलेखन बघत होता आणि त्यालाही येत नव्हतं. वालफ्रिड खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"चौकशीला येते म्हणून लिही," ते म्हणाले. "पण तिथे नाही. इथे घ्या म्हणावं. भिंतीपाशी."

तिने तेच लिहिलं. सिमेंट लागणार नाही. कोणी लावायला आलं तर शिडीच्या पायाशी मी बसलेली असेन. वीस दिवस पाऊस पडला आणि आतली बाजू कोरडी आहे. मीठ पुसून घेतलं, ते परत आलेलं नाही. मग तिने पत्राच्या तळाशी मोकळी जागा सोडली, तुमच्या उत्तरासाठी, म्हणजे तुम्हाला कागद शोधायचा त्रास नको.

ते पत्र पोचल्याची पावती तिच्याकडे आहे. आता फेब्रुवारी आहे. बेटावर गेल्या बावीस वर्षांतली सर्वांत कडक थंडी पडली आणि भिंतीवरून पोपडाही पडलेला नाही. वालफ्रिड अठ्ठ्याहत्तरचे एकोणऐंशी झाले. ते रोज टपालाच्या वेळी काठी टेकत फाटकापर्यंत जातात आणि पेटीत हात घालून बघतात.

तेव्हा चौकशी, नियम, वसंताची मुदत ते सगळं राहू दे बाजूला, त्यासाठी आस्ता समर्थ आहे. एका म्हाताऱ्या माणसाने पन्नास वर्षं निकृष्ट काम केलं, असं तुम्ही लिहिलंत. त्याची भिंत तुमच्या आधी कोरडी होती, तुम्ही ओली केलीत, त्याच्या मुलीने पुन्हा कोरडी केली. ते वाक्य तुम्ही मागे घेता की नाही? तो जिवंत असेपर्यंत उत्तर द्या.